नाशिकच्या काळ्या जमिनीत उंच शोभेचं गवत: कुठलं लावायचं, कधी कापायचं आणि सापाचं काय

ताई, प्रश्न वाचला, फोटो पण बघितले. पाथर्डी फाट्याकडचं रो हाऊस, पश्चिमेच्या कंपाउंडला लागून तीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टा, जमीन काळी, मागच्या घराच्या अंगणातून तुमचं सगळं दिसतं म्हणून आडोसा पाहिजे, रीलमधलं पांढऱ्या तुऱ्यांचं पंपास मनात भरलंय आणि सासूबाई म्हणतायत की उंच गवत लावलं की साप आलाच. मी नर्सरी आणि बागकामाची कामं घेतो, गवतं लावायची, फोडायची आणि कापायची कामं दरवर्षी चालूच असतात, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी पंपासचं उरकून टाकू. पंपास हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना वगैरे भागातलं गवत. आपल्याकडे ते मरत नाही, वाढतं, पण रीलमध्ये दिसतो तसा भरगच्च तुरा नाशिकला येईल याची हमी मी देत नाही आणि कोणी देत असेल तर त्याला त्याच्या बागेतला फोटो मागा. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, मऊ कापसासारखे दाट तुरे येतात ते मादीचे, नराचे विरळ आणि किरकोळ, आणि बियांवरून लावलं तर कुठलं निघेल हे तुरा आल्याशिवाय कळत नाही, त्याला दोन-तीन वर्षं सहज जातात. ऑनलाइन जी "निळं पंपास", "गुलाबी-जांभळं-निळं मिक्स" अशी बियांची पाकिटं मिळतात त्यातलं निळं तर सरळ सरळ फसवणूक आहे, जगात निळं पंपास नाहीये. दुकानात दिसतात ते रंगवलेले तुरे. बरं कॅलिफोर्निया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे हे गवत बागेतून सुटून रानात पसरलंय आणि ते काढायला त्यांची दमछाक झालीये. तुम्हाला ते फुलदाणीत पाहिजे असेल तर सुके तुरे विकत आणा, स्वस्त पडेल.

त्याच पठडीतलं दुसरं नाव म्हणजे कार्ल फॉर्स्टर. जर्मनीतल्या एका जुन्या नर्सरीवाल्याच्या नावाचं गवत आहे, युरोप-अमेरिकेतल्या प्रत्येक व्हिडिओत असतं, अगदी सरळसोट उभं, दिसायला फार देखणं. पण ते थंडीत आणि वसंतात वाढणारं गवत. आपल्या एप्रिलमध्ये त्याची काय गत होईल ते सांगायला नको. कोणी रोप विकत असेल तरी घेऊ नका.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे गवताचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिल्या पावसाला फुटवे, जुलै-ऑगस्टला धडाधड वाढ, सप्टेंबर ते नोव्हेंबर तुरे, डिसेंबर-जानेवारीला पिवळं-भुरं, आणि मग पाणी नसेल तर मे अखेरपर्यंत नुसतं वाळलेलं बूड. परदेशी व्हिडिओत ते सांगतात की बर्फात सगळं मरू द्या आणि मार्चमध्ये कापा, खत अमुक महिन्यात द्या, आणि आपले लोक तारखा तशाच्या तशा उचलतात. त्यांच्या तारखा त्यांच्या बर्फाच्या हिशोबाने आहेत. आपल्याकडे गवत खराब होतं ते थंडीने नाही, ते होतं ऑगस्टच्या साचलेल्या पाण्याने, सावलीने आणि लाडाने. लाड म्हणजे खत आणि पाणी.

तुमच्या पट्ट्यासाठी मी लावीन ते असं: मागे भिंतीकडून वाळा, पुढे जांभळं फाउंटन ग्रास, आणि कोपऱ्यात एक-दोन ठोंब रोशा गवताचे. बस्स.

वाळा म्हणजे तोच, माठात टाकतो तो, खस. लोक मुळ्या ओळखतात पण गवत बघितलेलं नसतं. एकदा जमलं की पाच-सहा फुटांचा हिरवागार ठोंब होतो, पावसाळ्याच्या शेवटी वर जांभळट तुरे येतात ते आणखी फूट-दोन फूट उंच. याची मुळं आडवी पळत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटर आणि त्याहून जास्त, म्हणूनच बांध धरून ठेवायला जगभर वाळा लावतात. भिंतीला धोका नाही, फरशी उचलत नाही. फक्त ड्रेनेजच्या चेंबरपासून तीन-चार फूट लांब ठेवा, कारण जुन्या पाइपच्या सांध्यातून ओल पाझरत असेल तर कुठल्याही गवताची बारीक मुळं तिकडे जाणारच. बांधासाठी वाळा अर्ध्या-अर्ध्या फुटावर लावतात, पण तुम्हाला शोभेला पाहिजे म्हणून अडीच फुटांवर एक ठोंब धरा, आंब्याच्या सावलीतली शेवटची पाच-सहा फुटं सोडायची आहेत, ती वजा करून दहा बसतात. भिंतीपासून दीड फूट सोडून लावा, भिंतीला चिकटवू नका, त्याचं कारण सापाच्या मुद्द्यात सांगतो. लखनौच्या सिमॅप संस्थेने वाळ्याच्या खास तेलाच्या जाती काढल्यात, त्या शेतकऱ्यांसाठी, तुम्हाला त्याच्या मागे जायची गरज नाही, जवळपास कोणी वाळा करत असेल त्याच्याकडून फुटवे आणा.

जांभळं फाउंटन ग्रास सगळ्यांनी बघितलेलं असतं, हॉटेलच्या बाहेर, आयटी पार्कमध्ये, हायवेच्या डिव्हायडरला. तीन-चार फूट उंची, वाइन रंगाची पानं, कोल्ह्याच्या शेपटीसारखे वाकलेले तुरे. याच्याबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. जांभळ्या पानाचं जे आहे ते जवळजवळ वांझ आहे, बी धरत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे पसरत नाही. हिरव्या पानाचं साधं फाउंटन ग्रास दिसायला तसंच, पण ते बी धरतं आणि वाऱ्यावर उडतं. हवाई बेटांवर आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनात त्याने रानं व्यापलीत, वर ते सुकलं की वणव्याला आयतं जळण. म्हणून रोप घेताना पान बघून घ्या आणि "बियांपासून जांभळं फाउंटन" असं कोणी विकत असेल तर घेऊ नका. तुमचं किंवा कोणाचं फार्महाऊस महाबळेश्वर, पाचगणी, कास पठाराच्या बाजूला असेल तर तिकडे बी धरणारं परदेशी गवत लावूच नये या मताचा मी आहे, तिथल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आपली स्वतःची इतकी बारीक-नाजूक फुलं आणि गवतं आहेत की बाहेरचं एक दांडगं आलं तर ती चेपली जातील.

रोशा गवत मी मुद्दाम सांगतोय कारण कोणी लावत नाही. आपलंच गवत, खानदेशात धुळे-नंदुरबारकडे याचं तेल काढायचा धंदा जुना आहे. गवती चहाचं भावंड, पण वास गुलाबाकडे जाणारा. पाऊस संपता संपता पाच-सात फुटांचे दांडे वर येतात आणि त्यावर तांबूस झाक असलेले तुरे, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते जे काही दिसतं ना, पंपास विसराल. ऊन मात्र भरपूर पाहिजे, आणि पाणी साचलेलं बिलकुल चालत नाही. हे बी धरतं, इकडे तिकडे चार रोपं उगवतील, ती लहान असताना उपटायची.

बाकी जे लोक सुचवतील त्याबद्दल थोडक्यात. गवती चहा लावा, पण स्वयंपाकघराजवळ, आडोशाला तो पुरत नाही. रेड नेपियर, जनावरांचा चारा म्हणून कांड्या मिळतात तो, उसासारख्या दोन डोळ्यांच्या कांड्या लावल्या की वर्षाच्या आत डोक्याच्या वर जातो आणि लालसर पानांमुळे खरंच छान दिसतो, घाईत आणि स्वस्तात आडोसा पाहिजे तर तोच. पण वर्षातून चार-पाच वेळा कापावा लागतो नाहीतर खालून नुसते दांडके दिसतात, आणि कापलेल्याचं करायचं काय, तुमच्याकडे गाय नाही. पांढऱ्या पट्ट्यांचा नळ, नर्सरीत व्हेरिगेटेड अरुंडो म्हणून देतात, तो मोठ्या प्लॉटवर ठीक, चार फुटांच्या पट्ट्यात अजिबात नको, त्याचे गड्डे आडवे सरकतात आणि काढायला पहार लागते. नदीकाठचं पांढऱ्या तुऱ्यांचं कास कितीही सुंदर दिसलं तरी उपटून आणू नका, एकदा काळ्या रानात घुसलं की निघत नाही, हरळी आणि कुंद्याशी झगडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. अंब्रेला पाम म्हणून मिळतं ते गवत नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे, दांडा बोटात धरून फिरवून बघा, तीन कडा हाताला लागतात, गवताचा दांडा गोल असतो. ते ओलीत मस्त वाढतं, बाथरूमच्या पाण्याच्या नळीपाशी एक ठोंब टाकून द्या, बाकी पट्ट्यात नको.

जमीन. तुमचं खरं काम इथे आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते, आणि गवताच्या ठोंबाचं बूड महिनाभर चिखलात राहिलं की ते आतून कुजतं, वरून पानं पिवळी पडतात आणि लोक म्हणतात पाणी कमी पडलं, अजून पाणी घालतात. मेमध्ये पट्टा फूटभर खणून घ्या, ढेकळं चांगली तापू द्या, मग त्यात साधारण तिसरा हिस्सा बारीक मुरूम आणि थोडं जुनं शेणखत मिसळून नऊ इंच उंच गादीवाफा करा. उतार भिंतीपासून आतल्या बाजूला, म्हणजे पाणी भिंतीशी तुंबणार नाही. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, हाताला गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर नको, कारण कच्च्या खतातून हुमणी येते. ती पांढरी इंग्रजी सी आकाराची जाड अळी, ऊसवाल्यांची वैरीण, गवताची मुळं खाऊन टाकते आणि ठोंब ओढला की हातात येतो. वळवाचे पहिले पाऊस झाले की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा आसपास असं झाड असेल तर समजून जा आणि वाफ्यात मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, टाकून घ्या, कृषी केंद्रात मिळतं.

ऊन किमान सहा तास. फोटोत तुमच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला शेजारच्या आंब्याची सावली पडतेय, त्या शेवटच्या पाच-सहा फुटात गवत लावू नका, लोळेल. सावलीतलं गवत उन्हाकडे ताणत जातं, दांडा बारीक होतो आणि पहिल्या जोरदार सरीला सगळं आडवं. तिथे हेलिकोनिया किंवा साधी कर्दळ लावा. आणि लोळण्याचं दुसरं कारण युरिया. माळी येतो, हिरवं दिसावं म्हणून मूठभर युरिया मारतो, आठ दिवसात हिरवंगार होतं, सगळे खूश, आणि गणपतीत पाऊस लागला की गव्हासारखं झोपतं. शोभेच्या गवताला वर्षातून एकदा, जूनमध्ये, प्रत्येक ठोंबाला दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत, एवढं पुरतं. रासायनिक काही नको.

लावायची वेळ पावसाचा जम बसल्यावर, साधारण जूनचा शेवट ते मध्य जुलै. वाळ्याचा ठोंब फोडताना आधी पानं वीतभर ठेवून कापून टाका, मग पहारीने मधोमध दणका, आणि हाताने ओढून चार-पाच फुटव्यांचे भाग करा. प्रत्येक भागाला पांढरी जिवंत मुळं दिसली पाहिजेत. मधला भाग पोकळ आणि तपकिरी निघतो, तो फेकून द्या, जोर कडेच्या फुटव्यांत असतो. लावताना बूड जमिनीच्या बरोबरीने, खोल गाडायचं नाही, मातीने फुटव्याचा गाभा झाकला की कुजलं. भोवती पायाने चांगलं दाबा. फोडताना ज्या लांब मुळ्या तुटतात त्या टाकू नका हं, धुवून सावलीत वाळवा आणि जुडी बांधून माठात सोडा, विकतच्यापेक्षा वास भारी येतो.

पहिल्या वर्षी ठिबक करून घ्या, प्रत्येक ठोंबाला तासाला चार लिटरचा एक ड्रिपर. पावसाळ्यात बंद. ऑक्टोबर हीटमध्ये चार दिवसाआड अर्धा-पाऊण तास, थंडीत आठवड्याला एकदा, मार्च ते मे दोन दिवसाआड. तुम्ही विचारलंय एक दिवसाआड पाणी चालेल का, तर नको, रोज रोज थोडं पाणी मिळालं की मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून वाळ्याला आठवड्याचं पाणी सुद्धा चालतं. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाचच्या खाली जातो तेव्हा नाशिकलाही गवताची टोकं तांबडी-तपकिरी पडतात, फाउंटन तर अगदी मलूल होतं. तो रोग नाही, थंडी आहे. काही फवारू नका.

छाटणी, म्हणजे ज्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पाणी देणार असाल तर फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरल्यावर. पाणी देणार नसाल तर मे अखेर, पहिल्या पावसाच्या तोंडावर. डिसेंबरात कापलं तर फूट येत नाही आणि दोन महिने खुंट बघत बसाल. तुम्हाला आडोसा पाहिजे म्हणून एक युक्ती सांगतो: दहा ठोंबांपैकी एकाआड एक, म्हणजे पाच, फेब्रुवारीत कापायचे आणि उरलेले पाच जूनमध्ये. पट्टा कधीच पूर्ण टकला होत नाही. आडोसा थोडा विरळ होईल पण राहील. आणि हे पण स्पष्ट सांगतो की गवताचा आडोसा सहा-सात फुटांपर्यंतचाच, शेजारच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून दिसणं बंद होणार नाही, ते पाहिजे असेल तर ठोंबाने वाढणारा बांबू, आणि तो चार फुटांच्या पट्ट्यात नको.

कापायची पद्धत: ठोंबाला कमरेच्या उंचीवर सुतळीने घट्ट आवळून बांधा, पेंढी बांधतात तशी, मग खालून धारदार विळ्याने, वाळा वीतभर ठेवून आणि फाउंटन चार बोटं ठेवून. अख्खी पेंढी हातात येते, कचरा सांडत नाही. फुल बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. वाळ्याचं पान बुडाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की कडेचे बारीक दाते चामडी कापतात, तेव्हा कळत नाही, रात्री भांडी घासताना साबण लागला की कळतं. घरात लहान मूल असेल तर वाळा मागेच ठेवा, पुढे फाउंटन आहे ते मऊ आहे. कापलेलं गवत पट्ट्यातच अंथरा, पण बुडापासून वीतभर लांब, चिकटवलं तर वाळवी लागते.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे, फक्त साप गवतासाठी येत नाही, उंदीर आणि बेडकांसाठी येतो. भिंत आणि ठोंब यांच्यात वाळका पाला साठला, त्यात उंदराने घर केलं, की त्याच्या मागे धामण येणार आणि कधी नागही. म्हणून भिंतीपासून दीड फूट मोकळं सोडायला सांगितलं, तिथून माणूस झाडू मारत जाऊ शकला पाहिजे. ठोंबाची खालची वाळकी पानं दिवाळीनंतर एकदा हाताने ओढून काढायची, बूड उघडं दिसलं पाहिजे. दारापासून आणि मुलं खेळतात तिथून पाच-सहा फूट लांब. कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री बाहेर ठेवायचं नाही, उंदीर त्यानेच येतात. रात्री त्या बाजूला जाताना बॅटरी. एवढं पाळलं तर गवतामुळे धोका वाढतो असं मला वाटत नाही, मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गाजर गवत आणि डेब्रिस पडलंय फोटोत, त्याची काळजी जास्त करा.

दिवाळीचं मात्र मी प्रत्येकाला सांगतो. तुरे सुकलेले असतात नेमके तेव्हाच आणि शेजारच्या पोराचा एक रॉकेट पुरतो. त्या चार दिवसात संध्याकाळी ठोंबांवर नळीने पाणी मारून ठेवा आणि जवळ बादली भरलेली असू द्या.

कोणाला दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर शयनगृहाच्या खिडकीखाली तुरे येणारं गवत नको, ते आधी घरात विचारून घ्या. पावसाळ्यात मुनिया आणि सुगरणी पानांच्या लांब पट्ट्या फाडून घरट्याला नेतात, ठोंब थोडे फाटके दिसतील, त्याला कीड समजून औषध मारू नका. फाउंटनच्या बुडाशी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, दाटी झाल्याची खूण, पाण्याचा जोराचा फवारा आणि दाटी कमी करणं यावर भागतं. दोन-तीन वर्षांनी ठोंबाचं मधलं डोकं पोकळ पडायला लागेल तेव्हा जूनमध्ये फोडून परत लावा, निघालेले फुटवे वाटून टाका, मागच्या घरवाल्यांना दिले तर ते पण त्यांच्या बाजूने आडोसा करतील.

सध्या एप्रिल आहे, तर रोपं आणायची घाई करू नका, आत्ता आणलीत तर पिशवीत वाळतील. आधी आंब्याची सावली सकाळी अकरा आणि दुपारी तीनला कुठपर्यंत येते ते चुन्याने आखून ठेवा, मुरूमवाल्याला सांगून ठेवा, पावसात ट्रॅक्टर आत येत नाही. आणि गेटबाहेरच्या पट्ट्यात काही लावायचं डोक्यात असेल तर गवत सोडून काहीही लावा, तुमच्या कॉलनीतल्या मोकाट गायी एका रात्रीत साफ करतील.